अंग आंबतं म्हणजे काय?

एप्रिल उजाडला की रत्नागिरीच्या सड्यावरच्या बागांमध्ये सकाळी सहालाच माणसं झाडाखाली उभी असतात. ऊन चढायच्या आत जमेल तेवढा आंबा उतरवायचा असतो. हातात झेला: लांब काठी, टोकाला जाळीची पिशवी आणि देठ कापणारं पातं. फळ देठासकट उतरलं पाहिजे, चीक सालीवर ओघळता कामा नये. त्यासाठी मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि पानांच्या गर्दीत काठीचं टोक अगदी स्थिर. मी पहिल्यांदा झेला हातात घेतला तेव्हा विसेक आंब्यांतच खांदे भरून आले आणि काठीचं टोक थरथरायला लागलं. काठी काही जड नव्हती. खाली घेतली, मिनिटभर हात सोडून उभा राहिलो, की पुन्हा जमायचं. मग पुन्हा थरथर, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. संध्याकाळी घरी आल्यावर आजी म्हणाली, ‘अंग आंबलं असेल, गरम पाण्याने आंघोळ कर.’

पीठ आंबतं, भाजी आंबते, तसं आपल्या भाषेत अंगही आंबतं. शरीरशास्त्रालाही शंभरेक वर्षं असंच वाटत होतं, की दमलेल्या स्नायूत आम्ल साठतं आणि ते आम्लच त्याला निकामी करतं. आज व्यायामशाळेत कुणालाही विचारा, ‘लॅक्टिक अ‍ॅसिड जमलंय’ हेच उत्तर मिळेल. संशोधन मात्र तिथून बरंच पुढे गेलं आहे. वारंवार आकुंचन पावणाऱ्या स्नायुपेशीत काय घडतं, याचं आजचं चित्र पूर्वीपेक्षा गुंतागुंतीचं आहे, आणि मला ते अधिक माणुसकीचंही वाटतं. कारण त्यात दमणं ही कमजोरी उरत नाही.

आधी आम्लाची गोष्ट. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याला १८०७ च्या सुमारास शिकारीत पळून पळून मेलेल्या हरणांच्या स्नायूंत दुग्धाम्ल, म्हणजेच लॅक्टिक अ‍ॅसिड, सापडलं. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूवर काटेकोर प्रयोग करून दाखवलं, की स्नायू थकेपर्यंत चालवला की दुग्धाम्ल वाढतं आणि प्राणवायू मिळाला की ते नाहीसं होतं. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते स्नायूतली उष्णता, प्राणवायू आणि दुग्धाम्ल यांचा हिशेब मांडल्याबद्दल. आम्ल आणि थकवा सोबत दिसत होते, तेव्हा एकामुळे दुसरं असं मानलं गेलं.

या समजुतीला पहिला तडा लवकरच गेला. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड याने स्नायूला असं विष दिलं, की त्यात दुग्धाम्ल तयारच होऊ नये. तरीही स्नायू आकुंचन पावला, आणि आम्लाचा थेंब नसताना दमलासुद्धा. पुढे १९५१ मध्ये ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरने एका रुग्णाचं वर्णन केलं. जन्मजात दोषामुळे त्याच्या स्नायूंना साठवलेली साखर वापरता येत नव्हती, त्यामुळे श्रम करूनही दुग्धाम्ल वाढत नव्हतं. आम्लच गुन्हेगार असतं तर हा माणूस थकायलाच नको होता. प्रत्यक्षात तो इतरांहून कितीतरी लवकर थकायचा. मग २००१ मध्ये आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराचे स्नायू पोटॅशियमच्या जादा द्रावणात ठेवून दुबळे केले आणि वर दुग्धाम्ल घातलं, तेव्हा जोर आणखी घटण्याऐवजी परत आला! आम्लाला दोषी ठरवणारे जुने प्रयोग बरेचसे थंड तापमानात झाले होते. देहाच्या उबेजवळ आलं की आम्लाचा परिणाम बराच सौम्य होतो. आम्ल पूर्ण निर्दोष सुटलं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट फिट्स यांच्यासारखे संशोधक दाखवून देतात, की दुसऱ्या एका द्रव्याच्या जोडीने ते उबदार स्नायूतही जोर कमी करतं. पण मुख्य आरोपीच्या पिंजऱ्यातून ते बाहेर आलं आहे.

त्या दुसऱ्या द्रव्याकडे जाण्यापूर्वी आकुंचन कसं होतं ते पाहू. स्नायुपेशी म्हणजे लांबट दोरा. त्यात अ‍ॅक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड तंतू एकमेकांत घुसलेले असतात. मेंदूकडून निघालेली विजेची लहर चेतातंतूवाटे पेशीवर येते, पेशीच्या आतल्या कोठारांची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर सांडतं आणि अ‍ॅक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात. मायोसिनची डोकी तिथे पकडतात, ओढतात, सोडतात, पुढची जागा पकडतात. दोर हातावर हात ठेवून ओढत आणतात, तसं. तंतू आखडत नाहीत, एकमेकांवर सरकतात, हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. गंमत अशी, की दोन्हींतल्या एकेकाचं आडनाव हक्सली, आणि दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं.

या प्रत्येक ‘पकड-ओढ-सोड’ला एटीपी नावाचं चलन लागतं. ते १९२९ मध्ये जर्मनीत लोमानने आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधलं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्याआधी दोनच वर्षं, १९२७ मध्ये, याच जोडीने स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेटही ओळखलं होतं. स्नायूंचा अर्थव्यवहार समजण्यात या माणसाचा एवढा मोठा वाटा, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव जवळजवळ नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एटीपी संपलं तर काय होईल? याचं उत्तर मिरकरवाड्याच्या बंदरावर रोज सकाळी टोपल्यांत पडलेलं असतं. नुकताच मेलेला बांगडा हातात घेतला तर लवचीक असतो. थोड्या वेळाने तो ताठ होतो, शेपटी धरली तर काठीसारखा आडवा राहतो. मासळी घेणाऱ्या बायका ताठपणा पाहूनच ताजेपणा ओळखतात. तो ताठ होतो कारण मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडून बसलेली असतात आणि सोडायला एटीपी उरलेलं नसतं. ओढायलाच ताकद लागते असं आपल्याला वाटतं, पण सोडण्यासाठीही चलन मोजावं लागतं. जाळ्यात फार वेळ तडफडलेला मासा लवकर ताठ होतो, कारण त्याची शिल्लक आधीच खर्च झालेली असते.

जिवंत स्नायूवर ही पाळी येऊ देणं म्हणजे मरणच. आणि ती येत नाही. माणूस पार गळून गेला, पाऊल उचलवेना, त्या क्षणी त्याच्या स्नायूतलं एटीपी मोजलं तर ते सहसा निम्म्याहून अधिकच सापडतं. म्हणजे तिजोरी रिकामी व्हायच्या खूप आधी पेशी खर्चाला कात्री लावते. कॅल्शियम कमी सोडते, पकड सैल करते, विजेच्या लहरींना दाद देईनाशी होते. थकवा म्हणजे ही कात्री. आढावा घेण्यासारखा प्रश्न एवढाच, की कात्री कोणकोणत्या ठिकाणी चालते आणि किती वेळाने मागे घेतली जाते.

पहिली कात्री सेकंदांची. एटीपीची शिल्लक पूर्ण जोराच्या कामाला दोन-तीन सेकंद पुरेल एवढीच असते. ती लगेच भरून काढतं क्रिएटिन फॉस्फेट, पण तेही पूर्ण वेगात दहा-पंधरा सेकंदांत बरंचसं उडतं. उडताना मागे सुटं फॉस्फेट ठेवून जातं. मघाशी म्हटलेलं दुसरं द्रव्य ते हेच. हे फॉस्फेट मायोसिनची पकड ढिली करतं, आणि काम लांबलं तर कॅल्शियमच्या कोठारात शिरून तिथे कॅल्शियमशी सांधून बसतं. मग लहर आली, दार उघडलं, तरी बाहेर सांडायला मोकळं कॅल्शियमच कमी. क्रिएटिन फॉस्फेटमधून एटीपी करणारं विकर ज्यांच्यात नाही अशा उंदरांत फॉस्फेट साठत नाही, आणि त्यांचे स्नायू सुरुवातीच्या टप्प्यात तसे ढिले पडतही नाहीत. स्वीडनमधल्या या प्रयोगाने फॉस्फेटवरचा संशय पक्का केला.

दुसरीकडे, प्रत्येक लहरीगणिक थोडं पोटॅशियम पेशीबाहेर जातं. पंप ते परत आत घेत असतात, पण लहरी भराभर आल्या तर पंप मागे पडतात आणि लहर पेशीच्या आतल्या बोळांपर्यंत पोचेनाशी होते. दुग्धाम्लाने जोर परत आणला तो इथेच.

विश्रांती मिळाली तर क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटात निम्मं आणि तीन ते पाच मिनिटांत जवळपास पूर्ण भरून येतं. रत्नागिरीत खो-खोचा सामना पाहताना मला नेहमी हा हिशेब आठवतो. डाव नऊ मिनिटांचा. पाठलाग करणारा चार-सहा सेकंद जीव तोडून पळतो, खो देतो आणि पाटीत बसतो. आठ जण बसलेले, एक पळता. बसलेल्याच्या मांडीत त्या वेळात फॉस्फेट पुन्हा क्रिएटिनला जोडलं जात असतं. पाठलाग चुकवत पळणाऱ्या गड्याला ही सोय नाही. म्हणून चांगला पळणारा खांबाभोवती, साखळीत, मिळेल तिथे अर्ध्या पावलाचा वेग वाचवत राहतो. हा खेळ ज्यांनी रचला त्यांना रसायन ठाऊक नव्हतं, पण दमलेल्याला बसवायचं आणि ताज्याला उठवायचं ही गोष्ट त्यांनी नियमातच घालून ठेवली.

शिमग्यातल्या पालखीचंही तसंच. भैरीबुवाची पालखी निघाली की ढोलाच्या तालावर ती तासन्‌तास नाचते, पण एकाच खांद्यावर नाही. गर्दीतून माणूस पुढे सरकतो, दांडीखाली खांदा देतो, आधीचा निसटतो. पालखी क्षणभरही थांबत नाही, थांबतात ती माणसं, आळीपाळीने. शिवाय नाचताना स्नायू आवळतो आणि सुटतो, आणि सुटण्याच्या क्षणी त्यात रक्त शिरतं.

झेला धरलेल्या खांद्याचं दुखणं इथेच आहे. सतत आवळलेला स्नायू स्वतःच्याच दाबाने स्वतःच्या रक्तवाहिन्या चिमटतो. जर्मनीच्या वाल्टर रोमर्ट याने १९६० मध्ये मोजलं, की आपल्या कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने काही धरून ठेवायचं तर माणूस साधारण मिनिटभर टिकतो, आणि पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर बराच वेळ. माझी काठी हलकी होती, पण हात डोक्यावर धरून ठेवायलाच खांद्याच्या ताकदीचा मोठा हिस्सा खर्च होत होता.

मग अगदी हलकं, दिवसभराचं काम सुरक्षित समजायचं का? इथे एक फसगत आहे, आणि तिच्याकडे आपलं पुरेसं लक्ष नाही. काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसलेली बाई पाहा. पायाने पॅडल दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, कवच उघडलं की गर टोकरायचा, पुढची बी. जोर कुठेच फार नाही. पण चेतासंस्था हलक्या कामाला स्नायूतल्या ठरावीक लहान तुकड्याच आधी बोलावते, आणि काम संपेपर्यंत सोडत नाही. शेजारच्या मोठ्या तुकड्या स्वस्थ बसून असतात. पालखीसारखी इथे अदलाबदल फारशी होत नाही. स्वीडनच्या गोरान हेग याने १९९१ मध्ये या लहान तंतूंना सिंड्रेलाचं नाव दिलं: घरात सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी आडवी होणारी. मानेच्या-खांद्याच्या जुनाट दुखण्यांमागे हे एक कारण असावं असं तो सुचवतो. ‘बसून तर काम आहे, त्यात दमायचं काय?’ हा प्रश्न अशा बायकांना घरीदारी ऐकावा लागतो. त्यांच्या खांद्यातले काही तंतू सकाळपासून सुटलेलेच नसतात, हे त्याचं उत्तर आहे.

काही कात्र्या तासांनी आणि दिवसांनी उघडतात. स्नायूतली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दीर्घ कामात संपत आली की कॅल्शियम सुटणं मंदावतं. स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमान यांनी १९६० च्या दशकात सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून तपासला, तेव्हा दिसलं, की हा साठा जेवढा मोठा तेवढं माणूस जास्त टिकतो, आणि पिठूळ अन्नाने तो वाढतो. साठा पुरता भरायला एक दिवस तरी लागतो. बागेत जाण्यापूर्वी पेज आणि आल्यावर भात, ही कोकणातली रीत या बाबतीत अगदी योग्य आहे. शिवाय १९७७ मध्ये लंडनच्या एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कामानंतर पूर्ण ताकद परत आल्यासारखी वाटली तरी हलक्या हालचालींतला जोर दुसऱ्या दिवसापर्यंत कमीच राहू शकतो. जोर लावला तर जमतं, पण कप उचलताना हात जड वाटतो, तो हाच प्रकार.

आणि ‘आंबणं’ जे आपण खरोखर म्हणतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका, तो आणखी वेगळा. कोकणातल्या घरांकडे उतरणारी चिऱ्यांची पाखाडी आठवा. डोक्यावर क्रेट घेऊन चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, अंगाला ब्रेक लावत असतो. त्यात तंतूंच्या काही जोडण्या सूक्ष्म प्रमाणात उसवतात. दुग्धाम्ल तर कामानंतर तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं, बरंचसं हृदयाने आणि इतर स्नायूंनी जाळून टाकलेलं. ठणका येतो तो डागडुजीच्या सुजेमुळे. थिओडोर हफ या अमेरिकी संशोधकाने १९०२ मध्येच लिहिलं होतं, की उशिरा येणारं दुखणं टाकाऊ द्रव्यांचं नसून स्नायूतल्या फाटण्याचं आहे. तरी पुढची कित्येक दशकं आम्लाचीच चलती राहिली. एकदा उतरून दुखल्यावर त्याच पाखाडीने पुन्हा उतरा, दुखणं पुष्कळ कमी. ही सवय पेशी काही आठवडे तरी विसरत नाही.

रोजच्या कामाने पेशी कशी पालटते हे पाहायलाही मासळीच बरी. बांगड्याचे काप करताना कातडीखाली, कुशीच्या रेषेलगत, तांबूस-काळपट पट्टी दिसते. आमच्या घरी मुलं ती ताटात बाजूला सारायची. ती पट्टी म्हणजे बांगड्याचे न दमणारे स्नायू, अखंड पोहण्यासाठी राखलेले. त्यांत प्राणवायू धरून ठेवणारं लाल द्रव्य आणि तंतुकणिका ठासून भरलेल्या असतात. भोवतालचं फिकट मांस झडप घालायला किंवा पळायला, काही क्षणांपुरतं. कुप्यात (ट्यूनात) हे लाल मांस आणखी आत आणि आणखी जास्त, पापलेटात अगदीच थोडं. माणसाच्या स्नायूत हे दोन्ही प्रकार सरमिसळ असतात, आणि कामाने त्यांचा कल बदलतो. १९६७ मध्ये जॉन होलोशी याने उंदरांना काही आठवडे पळवून त्यांच्या स्नायूंच्या तंतुकणिकांची क्षमता दुप्पट झाल्याचं दाखवलं. १९६९ मध्ये साल्मन्स आणि व्हर्बोव्हा यांनी सशाच्या चपळ स्नायूला कित्येक आठवडे संथ विद्युत-लहरी दिल्या, तेव्हा तो हळूहळू संथ स्नायूसारखा वागू लागला. स्वभाव बदलला तो नुसत्या लहरींच्या लयीने. कमी पडलेलं इंधन, तुंबलेलं कॅल्शियम, या सगळ्या थकव्याच्याच खुणा पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतात आणि तिथून नवी बांधणी सुरू होते. बांधणी होते ती विश्रांतीत.

मेंदूचा भाग थोडक्यात. इटलीच्या अँजेलो मोसो याने १८९१ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं, की परीक्षा घेऊन दमलेल्या प्राध्यापकाच्या बोटालाही वजन पूर्वीइतकं उचलवत नाही, जरी बोटाने काहीच केलेलं नसतं. दमट उकाड्यात अंग तापलं की मेंदू स्नायूंना हुकूम देण्यातच हात आखडता घेतो. मे महिन्यातल्या रत्नागिरीत घाम येतो पण वाळत नाही, तेव्हा हा भाग मोठा होतो.

सरावाने पेशी बदलते तशी पेशीला कामाला न लावण्याची युक्तीही अंगवळणी पडते. केनियातल्या बायका देहाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका भार डोक्यावर घेऊन चालतात तेव्हा प्राणवायूचा खर्च जराही वाढत नाही, असं १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्या बागेत वर्षानुवर्षं येणाऱ्या गड्याला मी नंतर नीट पाहिलं. तो काठी उचलण्यापूर्वी फळ हेरून ठेवायचा. वर नेल्यावर काठी शक्यतो एखाद्या फांदीच्या बेचक्याला टेकवायचा, खांद्यावर तोलायचा नाही. चार-पाच आंबे जाळीत पडले की काठी खाली, आंबे एकेक करून क्रेटमध्ये, देठ खाली करून, सावकाश. मला तो वेळ वाया गेलेला वाटायचा. त्याचे दोन्ही खांदे त्या वेळी खाली असायचे, आणि त्यांत रक्त शिरत असायचं. अकराला काम थांबलं तेव्हा त्याच्या काठीचं टोक सकाळी होतं तितकंच स्थिर होतं.